ड्रंक अँड ड्राइव्हची केस झाली तर या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे या केसला सिग्नल तोडल्याच्या चलनासारखं समजणं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ हा फौजदारी गुन्हा आहे, पहिल्यांदा सापडलात तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० किंवा दोन्ही. जागेवर पावती फाडून हे मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. आणि "साहेब, इथेच बघा ना काहीतरी" असं चुकूनही बोलू नका, लाच देऊ करणं हा वेगळा गुन्हा आहे, एकाच्या दोन केसेस होतील.

"एकच बियर घेतली होती" हा बचाव नाही. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल आलं की संपलं. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, कशानेही तो आकडा उतरत नाही, शरीर तासाला १०० मिली रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅमच कमी करतं, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत भरपूर प्यायलेला माणूस सकाळी ऑफिसला निघताना पण लिमिटच्या वर असू शकतो, त्याला स्वतःला एकदम फ्रेश वाटत असलं तरी.

मशीनमध्ये फुंकायला नकार देऊ नका. संशय असेल तर पोलीस तरीही विनावॉरंट अटक करू शकतात आणि सबळ कारण नसेल तर तुमचा नकार कोर्टात तुमच्याच विरोधात धरला जाऊ शकतो. नुकताच माउथवॉश वापरला असेल तर तोंडातल्या अल्कोहोलमुळे रीडिंग काही मिनिटं चढं येऊ शकतं, मग ते तिथल्या तिथे सांगा, १५ मिनिटांनी परत टेस्ट घ्या म्हणा, रक्त तपासा म्हणा. दुसऱ्या दिवशी प्रायव्हेट लॅबचा नॉर्मल रिपोर्ट आणून काही सिद्ध होत नाही. प्रिंटआउटवर सही करायच्या आधी नाव, वेळ आणि आकडा बघा. अटक झाली तर २ तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी, नाही झाली तर कोठडीतून सोडावं लागतं (केस मात्र राहते), म्हणून अटकेची वेळ लक्षात ठेवा.

आता कोर्ट. गर्दी बघून, सुट्टी वाया जाते म्हणून लोक पहिल्याच तारखेला "कबूल आहे" म्हणून दंड भरून मोकळे होतात, पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. पुढच्या वेळी तो दुसरा गुन्हा धरला जातो आणि व्हिसाच्या किंवा नोकरीच्या फॉर्मवर "शिक्षा झाली आहे का" या रकान्यात खोटं लिहिता येत नाही. कबूल करायचं की लढायचं हे वकिलाला कागद दाखवूनच ठरवा. तारीख चुकवली तर वॉरंट निघू शकतं.

विम्याचं पण बघा. दारू पिऊन ठोकलेल्या गाडीचा खर्च कंपनी नाकारते, आणि टेस्टच झाली नाही म्हणून आपण सुटलो असं नाही, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलंय की इतर पुराव्यांवरूनही नशा सिद्ध करता येते.

लायसन जप्त झालं तर पोचपावती घ्या आणि आरटीओची नोटीस आली तर उत्तर द्या. सस्पेंड असताना "जवळच तर जायचंय" म्हणून गाडी काढलीत तर त्याचा १०,००० दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, हे वेगळं.