रीड थांबलंच नाही आणि 43 फोल्डर उडाले

नवीन लोकांसाठी लिहितोय. लिनक्सच्या शेल स्क्रिप्टमध्ये थांबून उत्तर विचारणारी रीड कमांड सगळ्यांना येते, ती शिकवत बसत नाही. मला कुठे आपटलं तेवढं सांगतो.

देवगडला एका आंबावाल्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघायचो. मे महिना, पेट्यांची गडबड आणि त्यात डिस्क फुल. जुन्या बिलांचे 86 फोल्डर, त्यातले नको ते काढायचे. नावांची फाईल केली, फाईलमधली एकेक ओळ घेणारा व्हाईल रीडचा लूप लावला आणि आत प्रश्न दाखवून उत्तर घेणारं रीड -पी "काढू का?" टाकलं. रन केलं तर एक प्रश्न नाही, लगेच प्रॉम्प्ट परत, मला वाटलं स्क्रिप्ट चाललीच नाही. मग फोल्डर बघितले तर एक सोडून एक गायब!

तर झालं असं की लूपला फाईल जोडली की आतल्या रीडचा इनपुटपण तीच फाईल होते, कीबोर्ड नाही. म्हणजे लूपने पहिलं नाव घेतलं आणि आतल्या रीडने दुसरं नाव "उत्तर" म्हणून गिळलं, मग लूप तिसऱ्यावर, असं शेवटपर्यंत. वर बॅशमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलमध्ये, -पीचा मेसेज इनपुट टर्मिनलवरून असेल तरच दिसतो, म्हणून स्क्रीनवर काहीच नाही. आणि माझा खरा गाढवपणा म्हणजे "एन (म्हणजे नो) आलं तर सोड, नाहीतर काढ" अशी अट. फोल्डरचं नाव एन कुठून असणार?

मालक एवढंच बोलले, "मेल्या, कागदाची बिला तरी आसत मा?" होती. जून अख्खा ती टाईप करण्यात गेला, बाहेर पाऊस आणि दिवसातून चारदा लाईट जायची.

उपाय अर्ध्या ओळीचा आहे, आतल्या रीडच्या शेवटी < /डेव्ह/टीटीवाय लावा, म्हणजे उत्तर थेट टर्मिनलवरून घेतलं जातं. किंवा नावांची फाईल 3 नंबरच्या डिस्क्रिप्टरवर (म्हणजे इनपुटच्या वेगळ्या वाटेने) घ्या, मला तेच जास्त आवडतं. लूपमध्ये एसएसएच (दुसऱ्या मशीनवर कमांड चालवणारी) असेल तर तीपण अशीच ओळी खाते, तिला -एन द्या. आणि काढायचं असेल तर फक्त वाय (म्हणजे येस) आल्यावरच काढा, बाकी काहीही आलं तर सोडा, हे मी ओरडून सांगतोय.

पुण्याचा एक सीनियर फोनवर म्हणाला, रीड कशाला, स्लीप 5 टाक. असले सल्ले ऐकू नका, स्लीप कुणाला विचारत नाही, नुसता वेळ काढतो.

"कुठलंही बटण दाबा" हवं असेल तर रीड -एन 1 -एस (एकच अक्षर, तेही स्क्रीनवर न दाखवता), पण स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत एसएच नाही, बॅश लिहा. उबुंटूत 2006 पासून एसएच म्हणजे डॅश नावाचा दुसरा शेल, त्याला -एन कळत नाही, इल्लीगल ऑप्शन म्हणून ओरडतो. ते बघून घाबरू नका, ओरडणारी चूक लगेच सापडते.

क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालवायची स्क्रिप्ट असेल तर रीड ठेवूच नका, तिथे उत्तर द्यायला कोणी बसलेलं नसतं. आता मी आधी पाच-सहा रिकामे फोल्डर करतो, काढून टाकणाऱ्या आरएमच्या जागी नुसतं नाव दाखवणारं एको लावतो आणि प्रश्न खरंच पाच-सहा वेळा येतो का ते मोजतो.