ढेकूण चावलाय की डास?

सकाळी उठल्यावर हातावर, मानेवर किंवा पाठीवर लाल गांधी दिसल्या, त्याही तीन-चार एका ओळीत, की आधी गादी तपासा. नुसत्या चट्ट्यांवरून डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. ढेकणांचा खरा पुरावा गादीच्या शिवणीत आणि पलंगाच्या फटीत सापडतो. शाईचा ठिपका फुटल्यासारखे काळे डाग, ढेकणांनी टाकलेली फिकट टरफलं, चादरीवर रक्ताचे बारीक ठसे. मोबाईलचा टॉर्च लावून शिवण बोटांनी उलगडून बघा. काहींना खाज लगेच सुटते, काहींना चक्क आठ-दहा दिवसांनी, म्हणून प्रवासातून आणलेले ढेकूण उशिरा कळतात. एकाच पलंगावर झोपणाऱ्या दुसऱ्याला काहीच उठत नाही, असंही होतं.

चावलेली जागा साबणाने धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा, वर कॅलामाइन लोशन लावा. खाज झोपू देत नसेल तर सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी चालते, पण लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी डॉक्टरांना विचारूनच. नखं कापा, खाजवून जखम चिघळते, हाच खरा त्रास. ढेकणांमुळे रोग पसरल्याचं आढळलेलं नाही. पू, ताप किंवा ओठ-डोळ्यांना सूज आली तर मात्र लगेच दवाखाना गाठा. आणि गादीवर रॉकेल शिंपडू नका, कुणीही कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी.