नवीन कासव घरात रुळवताना: ताट बदलू नका, आधी दिवा तपासा

नवीन कासव घरी आलं की दोन-तीन दिवसांत एकच ओरड सुरू होते: खात नाही. त्यावर सल्लेही ठरलेले. काकडी देऊन बघा, केळं द्या, पान तोंडाशी धरा. यातलं काहीही करू नका. नवं कासव उपाशी बसतं त्याचं कारण बहुतेक वेळा ताटात नसतं, दिव्याखाली असतं.

पुढचं सगळं जमिनीवरच्या कासवासाठी आहे. पाय हत्तीसारखे खांबट असतील तर ते जमिनीवरचं. बोटांमध्ये पडदा असेल तर ते पाण्यातलं, आणि त्याची तऱ्हाच वेगळी. आकडे दिलेत ते हर्मन, ग्रीक, रशियन अशा लहान, कोरड्या हवेतल्या जातींचे. रेड-फूटेडसारख्या रानातल्या जातीला दमटपणा बराच जास्त लागतो, थोडं फळही चालतं. म्हणून जात नक्की करा आणि कागदपत्रं मागून घ्या. जमिनीवरच्या कासवांच्या सगळ्या जाती सायटिस या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. तारा-कासव तर २०१९ पासून त्यातल्या सर्वांत कडक परिशिष्टात आहे. कागद नसलेलं कासव कितीही गोजिरवाणं दिसलं तरी घेऊ नका.

१. घर आधी, कासव नंतर

कासव यायच्या किमान दोन दिवस आधी त्याची जागा दिवे लावून चालू झालेली हवी. वरून उघडी लाकडी पेटी सगळ्यांत बरी. एका लहान कासवाला १२० बाय ६० सेंटिमीटर ही सुरुवात समजा, चैन नव्हे. भिंती अपारदर्शक हव्यात. कासवाला काच कळत नाही. पलीकडे जमीन दिसते, मग दिवसभर नाक घासत काचेच्या कडेने येरझाऱ्या. काचेचीच टाकी असेल तर खालच्या १५ सेंटिमीटरला बाहेरून जाड कागद चिकटवा.

तळाशी खत न घातलेली माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांचं मिश्रण, निदान १० सेंटिमीटर खोल, म्हणजे अंग पुरता येईल. हातात मूठ वळावी पण पाणी निथळू नये इतकीच ओल. नुसती वाळू नको, खाण्याबरोबर पोटात जाऊन आतडं अडवते. पाइन-देवदाराचा भुसा श्वासाला वाईट. वर्तमानपत्रावर पाय घसरतात. लपायच्या जागा दोन: एक उबदार टोकाला, एक गार टोकाला. एकच ठेवली तर लपायचं की ऊब घ्यायची यातलं एकच काहीतरी त्याच्या वाट्याला येतं, आणि घाबरलेलं कासव नेहमी लपणंच निवडतं.

२. दिवे: सगळी गोम इथे आहे

कासवाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. अंग तापलं तर भूक लागते आणि खाल्लेलं पचतं. अंग गार राहिलं तर भूक लागतच नाही, आणि जबरदस्तीने काही पोटात गेलंच तर ते तिथेच कुजतं. म्हणून पेटीच्या एका टोकाला शेकायची जागा ३५ अंशांच्या आसपास आणि दुसऱ्या टोकाला २२ ते २४ अंश. मधल्या उतारावर कुठे बसायचं ते कासव ठरवेल. संपूर्ण पेटी एकसारखी ३० अंशांवर ठेवणं ही सोय नाही, शिक्षा आहे. रात्री दिवे बंद. धडधाकट मोठ्या कासवाला रात्रीचे १५ ते १८ अंश सोसतात. खोली त्याहून गार पडत असेल तर थर्मोस्टॅट जोडलेला, उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा. ‘रात्रीचा’ म्हणून मिळणारा लाल बल्ब लावू नका, त्याला तो उजेड दिसतो.

आता मोजमापाकडे, कारण घोळ इथेच होतो. ‘तापमान बरोबर आहे’ असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांनी पेटीच्या भिंतीला चिकटवलेली पट्टी किंवा गोल काट्याचं थर्मामीटर वाचलेलं असतं. ते भिंतीचं तापमान सांगतं, कासवाचं नाही. तारेच्या टोकाला सेन्सर असलेलं डिजिटल थर्मामीटर घ्या. दिव्याच्या बरोबर खाली कासवाच्या पाठीइतक्या उंचीचा दगड ठेवा आणि सेन्सर त्या दगडाच्या माथ्यावर बांधा. जमिनीवर मोजलेला आकडा फसवतो. कवच दहा-बारा सेंटिमीटर उंच असेल तर पाठ दिव्याला तेवढीच जवळ असते. खाली ३५ दिसत असताना पाठीवर चाळिशी ओलांडलेली असू शकते. दिवा लावून तासभर झाल्यावर मोजा, दुपारी पुन्हा मोजा. आकडा चुकला तर दिवा वर-खाली करा आणि परत तासभर थांबा. या खटपटीत एक अख्खा दिवस जातो. कासव यायच्या आधीचे दोन दिवस त्यासाठीच.

दिवा सरळ खाली रोखलेला हवा, बाजूने तिरका नको. झोत इतका रुंद हवा की कासवाचं अख्खं अंग त्यात मावेल. बारीक झोत पाठीचा मधला भाग भाजतो आणि पाय गारच राहतात. तळाखाली घालायचे हीटिंग मॅट तर घेऊच नका. कासवाच्या लेखी ऊब वरून येते आणि गारवा जमिनीत असतो. उकडलं की ते खाली उकरतं, आणि खाली मॅट असेल तर पोटाचं कवच भाजून घेतं.

ऊब झाली, आता यूव्हीबी, म्हणजे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण. ते नसेल तर ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. खिडकीतलं ऊन यासाठी निरुपयोगी, कारण काच यूव्हीबी अडवते. टी-५ प्रकारची (बारीक व्यासाची), १० ते १२ टक्के यूव्हीबीची लांब नळी लावा, पेटीच्या निम्म्याहून थोडी जास्त लांबीची, पाठीपासून साधारण ३० ते ४० सेंटिमीटरवर. खोक्यावर दुसरं अंतर छापलेलं असेल तर ते पाळा. मध्ये काच किंवा प्लॅस्टिक नको, जाळीही शक्यतो नको. नळी वर्षाने बदला. ती पेटत राहते, उजेडही तसाच दिसतो, पण यूव्हीबी आटलेलं असतं. दोन्ही दिवे दिवसाला बारा तास, टायमरवर.

३. आल्या आल्या अंघोळ

प्रवासात कासवाचं पाणी खर्च होतं. पेटीत सोडण्याआधी पसरट, अपारदर्शक टबमध्ये कोमट पाणी घ्या, ३० अंशांच्या जरा वर. पाठीचं आणि पोटाचं कवच जिथे जुळतं त्या सांध्यापर्यंतच पाणी, मान आरामात वर राहिली पाहिजे. पंधरा ते वीस मिनिटं, समोरून न हलता. बहुतेक कासवं मान खाली घालून पाणी पितात आणि त्याच पाण्यात घाण करतात. घाणीसोबत पांढरा लगदा आला तर घाबरू नका, ती त्यांची लघवीच. लगदा टूथपेस्टसारखा मऊ असेल तर ठीक. खडूच्या चुऱ्यासारखा रवाळ असेल तर अंगात पाणी कमी आहे.

पुसून कोरडं करा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यासारख्या, पण वेगळ्या ठेवलेल्या काट्यावर वजन करा, ग्रॅममध्ये लिहून ठेवा. मग उबदार टोकाच्या लपायच्या जागेकडे तोंड करून सोडा आणि खोलीतून निघून जा.

४. पहिले पंधरा दिवस: हात आवरा

ते लपेल. मातीत अर्धं पुरून घेईल. एखादं दोन दिवस जागचं हलणार नाही, एखादं भिंतीच्या कडेने फिरत सुटेल. दोन्ही नेहमीचंच आहे. उकरून बाहेर काढून ‘ठीक आहे ना’ हे बघणं म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. सकाळी दिवे लागून तासभर झाला तरी ते पुरलेलंच असेल, तर तेवढं अलगद उचलून दिव्याखाली ठेवा, दिवसातून एकदा, बस.

जवळ गेल्यावर ‘फुस्स’ आवाज येतो तो राग नव्हे. मान झटक्यात आत घेताना फुप्फुसातली हवा बाहेर पडते, इतकंच. उचलावंच लागलं तर दोन्ही हातांनी, जमिनीलगत, पायांना आधार देऊन. पाय हवेत लोंबकळले की त्याला पडल्यासारखं वाटतं. आणि उचलल्यावर भसकन पाणी सोडलं तर हसण्यावारी नेऊ नका. कासव मूत्राशयात पाण्याचा साठा ठेवतं, भीतीने तो रिकामा होतो. त्या दिवशी पुन्हा अंघोळ घाला. पोरांनी दहा वेळा उचललेलं कासव दहा वेळा घाबरतं आणि कोरडंही पडतं.

आता न खाण्याबद्दल. क्रम असा ठेवा. आधी पाठीच्या उंचीवर तापमान. मग दिवे किती तास चालू आहेत. मग लपायला जागा आहे का, आणि पेटी रहदारीत, टीव्हीजवळ किंवा कुत्र्याच्या नाकासमोर तर नाही ना. या सगळ्याचं उत्तर बरोबर आल्यावरच ताटाकडे बघा. खाणं दिवे लागल्यानंतर तासा-दीड तासाने ठेवा, अंग तापल्यावर. रोज त्याच जागी, एका सपाट खडबडीत फरशीच्या तुकड्यावर. त्यावर नख्या आणि चोच आपोआप झिजतात. ठेवा आणि निघून जा. समोर बसून टक लावून बघणारा माणूस त्याच्या लेखी शिकारी आहे.

आधीच्या मालकाने जे खाऊ घातलं तेच पहिले पंधरा दिवस द्या, ते नुसतं लेट्यूस असलं तरी. नवी पानं बारीक चिरून त्यात कालवा आणि प्रमाण दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्या. ढिगावर जास्वंदीचं एक लाल फूल ठेवलं तर उपयोग होतो, लाल-पिवळा रंग कासवाला चटकन दिसतो. अंघोळीनंतर लगेच खाणं ठेवलं तरी बरेचदा तोंड लागतं.

फळाचं आमिष मात्र दाखवू नका. खाईल, नक्की खाईल, म्हणूनच हा सल्ला इतका पसरलाय. पण कोरड्या हवेतल्या कासवाचं आतडं तंतुमय पाल्यासाठी बनलेलं आहे. साखरेने ते आंबतं, शौच पातळ होतं, आणि कासव पानांकडे पाठ करून पुढच्या केळ्याची वाट बघत बसतं. हट्टात ते तुम्हाला हरवेल. चोच उघडून भरवणं हे पशुवैद्याचं काम, घरचं नाही.

थांबायचं किती? मोठं कासव शेकत असेल, पाणी पीत असेल, डोळे उघडे-चमकदार असतील आणि वजन टिकून असेल तर दोन आठवडे उपाशी राहिलं तरी धीर धरा. वजन आठवड्यातून एकदा, त्याच वेळी. मोठी घाण केल्यावर आकडा थोडा उतरतोच, त्यावरून घाबरू नका. पहिल्या दिवसाच्या तुलनेत दहा टक्के घट म्हणजे दवाखाना. पिल्लाच्या बाबतीत मात्र तीन-चार दिवसांच्या पुढे थांबायचं नाही. आणि नाकातून बुडबुडे, तोंड उघडून मान ताणत श्वास, चिकटलेले किंवा खोल गेलेले डोळे, पाय लुळे पडणं, यातलं एकही दिसलं तर वाट बघणं हा पर्यायच नाही.

५. रोजचं ताट

पिवळ्या फुलांचं डँडेलियन, तुतीची आणि द्राक्षवेलीची पानं, जास्वंदीची पानं-फुलं, काटे काढलेला फड्या निवडुंग. फवारणी न केलेलं आणि जितकं आलटून-पालटून तितकं चांगलं. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. ब्रेड, दूध, कुत्र्या-मांजराचं खाणं कधीच नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पानांवर फॉस्फरस नसलेल्या कॅल्शियम पावडरची चिमूट, आणि पेटीत समुद्रफेसाचा तुकडा कायम. पाण्याची ताटली उथळ, रोज धुतलेली.

६. डॉक्टर

पहिल्या महिन्यात ताज्या शौचाचा नमुना सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्या. लक्षणं नसताना जंताचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. त्यातही आयव्हरमेक्टिन हे नाव पाठ करून ठेवा. कुत्र्यांना, गुरांना सर्रास दिलं जाणारं हे औषध कासवाला लकवा आणून मारतं. ज्या डॉक्टरकडे मुख्यतः कुत्री-मांजरंच येतात, तिथे औषधाचं नाव विचारायला लाजू नका.

७. किरकोळ, पण टाळू नये असं

‘एकटं पडेल’ म्हणून दुसरं कासव आणू नका. एकत्र ठेवलेली दोन बहुतेक वेळा जागेवरून भांडतात, आणि ते भांडण आवाज न करता, एकमेकांना ढकलत, ताटावर बसून चालतं. आणायचंच असेल तर नव्याला निदान तीन महिने वेगळ्या खोलीत. घराच्या फरशीवर मोकळं फिरवू नका: फरशी गार, गुळगुळीत, आणि खाली पडलेला केस-दोरा ते गिळतं. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. टब स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये रिकामा करू नका. शेकायच्या जागेजवळ उंच, निसरडे दगड रचू नका. दिव्याखाली उलटं पडलेलं कासव काही तासांत मरू शकतं.

सकाळी दिवे लागले की ते आपणहून शेकायला येतं, मागचे पाय पसरून पडतं आणि तुम्ही शेजारून गेलात तरी मान आत घेत नाही, तेव्हा रुळलं समजा. कुणाला दहा दिवस लागतात, कुणाला दोन महिने. तोवर पहिला आठवडा अंघोळ रोज, मग मोठ्याला आठवड्यातून दोनदा पुरे. पिल्लाची रोजचीच चालू ठेवा. शीतनिद्रेची जात असली तरी पहिल्या वर्षी झोपवू नका, दिवे चालू ठेवूनच हिवाळा काढा.