लेझर लावण्याआधी: व्हीएमसीचा अक्ष तपासायची तयारी

व्हीएमसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारं उभ्या स्पिंडलचं मशीनिंग सेंटर. त्याचा अक्ष, म्हणजे टेबल सरकण्याची दिशा, सांगितलं तेवढंच अंतर सरकतो का, ते लेझरने मोजायचं असतं. आदल्या दिवशी कारखान्यात फोन करून मशीन किती वाजता मोकळं मिळणार ते विचारून घ्या. मोकळं म्हणजे रात्रभर बंद ठेवलेलं नव्हे, हेही तेव्हाच सांगा. गार मशीनवर घेतलेलं माप दुपारी काम करणाऱ्या मशीनचं नसतं. म्हणून आपण पेट्या उघडेपर्यंत ऑपरेटरने अक्ष अर्धा तास मागेपुढे पळवत ठेवावा. लेझरही पोहोचल्या पोहोचल्या चालू करा, स्थिर झाल्याचा दिवा लागेपर्यंत एकही आकडा लिहू नका. शटर बंद ठेवा. किरणाची ताकद एक मिलिवॅटच्या आत असली तरी त्यात डोळा घालायचा नाही. बघायला जमलेल्या पोरांनाही ते आधीच बजावून ठेवा.

काचांची पेटी घरूनच तपासून न्या. बीम स्प्लिटर (किरण दोन वाटांत विभागणारी काच) आणि दोन्ही रेट्रोरिफ्लेक्टर (किरण आल्या दिशेने परत पाठवणाऱ्या काचा) कडेने धरायचे. धूळ दिसली तर आधी रबरी फुग्याने उडवा, मग गरज पडली तरच लेन्स पेपरवर आयसोप्रोपिलचा थेंब घेऊन एकदाच, एकाच दिशेने पुसा. तोंडाने फुंकर आणि शर्टाचं टोक, दोन्ही वर्ज्य. कूलंटचा बारीक तवंग काचेवर बसला की सिग्नल निम्म्यावर येतो आणि माणूस तासभर अलाइनमेंटशी झगडत बसतो.

आता तापमान. सगळा वेळ खरं तर इथेच द्यायचा असतो. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असा जगभरचा रिवाज, आणि आपल्याकडे मे महिन्यात शेडमध्ये ३२ अंश असले तर तो चांगला दिवस म्हणायचा. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण ११.७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. म्हणजे ६०० मिलिमीटरच्या अक्षाला १२ अंशांच्या फरकाने ८४ मायक्रॉन, आणि आपण तर पाच-दहा मायक्रॉनची चूक शोधायला आलोय. तेव्हा मटेरियलचं तापमान मोजणारे सेन्सर टेबलाच्या जाड ओतीव भागावर चुंबकाने नीट चिकटवा, पत्र्यावर नको, मोटरजवळ नको. चिकटवल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. माप २० अंशांवर आणायला सॉफ्टवेअर जो प्रसरणाचा गुणांक वापरतं, तो मागच्या कामाचा राहिलेला असतो. तो एकदा डोळ्यांखालून घाला.

हवेचं गणित वेगळं. हीलियम-निऑनच्या लाल प्रकाशाची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर. रिफ्लेक्टर तिच्या निम्म्याने, म्हणजे ३१६ नॅनोमीटर सरकला की दोन्ही वाटांचा प्रकाश एकत्र येऊन होणारा उजेड-अंधाराचा एक पट्टा मोजला जातो. आपली मोजपट्टी म्हणजे ही तरंगलांबीच, आणि ती हवेबरोबर बदलते: तापमान एक अंश चुकलं तर मीटरमागे जवळपास एक मायक्रॉन, दाब एक हेक्टोपास्कल चुकला तर पाव मायक्रॉनहून थोडं जास्त. आर्द्रतेचा त्रास त्यामानाने किरकोळ. दाबाचा सेन्सर बिघडला म्हणून मोबाइलवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमधला आकडा हाताने भरायचा मोह होतो, पण तिथला आकडा बहुधा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, तिथला खरा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास. अ‍ॅपवरचा १०१० भरलात की मीटरमागे १६ मायक्रॉन पाण्यात. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियात, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेत, प्रकाश दोन वाटांनी पाठवून मोजायचा हाच मायकेल्सनचा प्रकार चार किलोमीटरच्या भुजांवर बसवायचा आहे. तिथे प्रकाश निर्वात नळीतून जाणार, आपल्या नशिबी शेडमधली हवा. निदान किरणाच्या वाटेवरचा पंखा तरी बंद करा.

काचा बसवायच्या जागा आधी ठरवा: एक स्पिंडलमध्ये (हत्यार धरून फिरवणाऱ्या दांड्यात), एक टेबलावर, म्हणजे हत्यार आणि जॉब यांच्यातलंच अंतर मोजलं जाईल. मी एकदा सोय म्हणून मॅग्नेटिक बेस मशीनच्या गार्डवर लावला होता. दार आपटलं की आकडा उडायचा, आणि मी दोष बॉलस्क्रूला, म्हणजे टेबल सरकवणाऱ्या स्क्रूला, देत राहिलो. किरणही शक्यतो जिथे कटिंग होतं त्याच उंचीवर ठेवा. १०० मिलिमीटर वर गेलात आणि टेबल दहा आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे कोनाच्या अंशाचा ३६००वा भाग) डुललं, तर जवळपास पाच मायक्रॉनची खोटी चूक दिसते. दोन्ही काचा एकमेकींजवळ असताना शून्य करा.

अलाइनमेंटला घाई नको. टेबल जवळ असताना किरण सरकवून जुळवायचा, लांब गेलं की फिरवून. ६०० मिलिमीटरमध्ये एक मिलिमीटर तिरका गेला तर आकडा ०.८ मायक्रॉनने कमी येतो, आणि ही चूक नेहमी कमीच दाखवते. रेट्रोरिफ्लेक्टर एक मिलिमीटर हलला तर परतणारा ठिपका दोन मिलिमीटर हलतो, हे लक्षात ठेवलंत तर जुळवणी लवकर होते.

प्रोग्रॅम घरून लिहून आणा. थांबे अगदी समान अंतरावर नकोत, नाहीतर स्क्रूच्या प्रत्येक फेऱ्यात येणारी चूक लपून राहते. दोन्ही टोकांना थोडं पुढे जाऊन परत या, म्हणजे बॅकलॅश (दिशा बदलताना स्क्रूतल्या ढिलेपणाने येणारी चूक) पकडला जाईल. जाऊन-येऊन पाच फेऱ्या, अक्ष तपासण्याच्या आयएसओ २३०-२ या मानकाप्रमाणे. प्रत्येक थांब्यावर दोन-तीन सेकंद विसावा.

आणि कंट्रोलरमधला पिच एररचा (स्क्रूच्या चुका भरून काढायच्या आकड्यांचा) जुना तक्ता पेनड्राइव्हवर उतरवल्याशिवाय नव्या आकड्यांना हात लावू नका. जुन्या तक्त्यावर घेतलेलं पहिलं माप वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. क्वालिटीवाले आधी तेच मागतात.