सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला जाताना
हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली खाण्याचे अनेक छोटे स्टॉल आणि सगळ्यांसाठी सामायिक टेबलं. दुपारी १२ ते २ मध्ये गेलात तर आधी टेबल, मग रांग. रिकाम्या टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट दिसलं की ती जागा धरलेली समजा. आपल्याकडे एसटीत रुमाल टाकतात तसंच. टेबलाला नंबर असेल तर लक्षात ठेवा. काही स्टॉलवाले ताट जागेवर आणून देतात, बाकीच्यांकडून स्वतः आणायचं.

पाच-दहा डॉलरच्या सुट्या नोटा जवळ हव्यात, सगळीकडे कार्ड चालत नाही.

शाकाहारींची गोची नूडल्समध्ये होते. 'मांस नको' म्हटलं तरी परतायला डुकराची चरबी, चटणीत सुकट असू शकते. त्यामुळे विचारताना चरबी, सुकट, फिश सॉस अशी नावं घेऊनच विचारा. त्यापेक्षा चिनी शाकाहारी स्टॉल शोधावा किंवा लिटल इंडिया या भारतीय वस्तीतलं टेक्का सेंटर हे हॉकर सेंटर गाठावं.

कॉफी मिळते ती पेयांच्या वेगळ्या स्टॉलवर. नुसतं 'कोपी' म्हणाल तर कंडेन्स्ड मिल्क घातलेली, म्हणजे बऱ्यापैकी गोड. 'कोपी-ओ' काळी, पण साखर असतेच. बिनसाखरेची हवी तर 'कोपी-ओ कोसोंग'. 'सिउ दाय' म्हणजे साखर कमी, 'पेंग' म्हणजे बर्फ घालून.

जेवण झालं की ट्रे आणि उष्टी भांडी रॅकवर ठेवायचीच. २०२१पासून हे सक्तीचं आहे. हलाल ताटांचा रॅक बहुतेक वेगळा असतो. पाटी वाचून मगच ट्रे ठेवा. अनेक स्टॉल सोमवारी बंद असतात, त्यामुळे एखाद्याच स्टॉलसाठी लांबून जाणार असाल तर दुसरा वार बरा.