स्पॅनिशची बी-टू पातळी: नागपूरकरांनो, या चुका टाळा

युरोपीय मोजपट्टीवर भाषेच्या पातळ्या ए-वन ते सी-टू अशा असतात. बी-वन होईपर्यंत गाडी बरी चालते. बी-टूला मात्र तीच वाक्यं, तेच अडखळणं. कारण बहुतेक वेळा एकच असतं: मनातलं वाक्य आधी इंग्रजीत होतं, मग स्पॅनिशमध्ये. मराठीतून सरळ गेलं तर निम्मी वाट सोपी आहे. उरलेल्या निम्म्या वाटेवर मराठीच पाय ओढते, म्हणून कुठे तिचं ऐकायचं आणि कुठे नाही, हे माहीत हवं. (खालची स्पॅनिश वाक्यं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.)

जिथे मराठीचं ऐकावं

‘मला संत्री आवडतात’ म्हणताना क्रियापद संत्र्यांप्रमाणे बदलतं. स्पॅनिशमध्येही तसंच: ‘मे गुस्तान लास नारांखास’. ‘मे गुस्ता लास नारांखास’ ही चूक इंग्रजीतून विचार करणारेच करतात. ‘राहुलला पाहिलं’ पण ‘पिक्चर पाहिला’, यातला ‘ला’ही जवळपास तसाच येतो: ‘बी आ राहुल’, पण ‘बी ला पेलीकुला’. माणसापुढचा हा ‘आ’ गाळू नका.

भूतकाळाचंही तेच. ‘दर रविवारी फुटाळ्यावर जायचो’ म्हणजे ‘इबा’, ‘काल गेलो’ म्हणजे ‘फुई’. ‘साबीआ’ म्हणजे माहीत होतं, ‘सुपे’ म्हणजे कळलं. मराठीत हा फरक आपण रोज करतो, तरी व्याकरणाचं पुस्तक उघडलं की घाबरतो.

जिथे मराठी फसवते

सगळ्यात जास्त घसरण इथे होते: ‘नागपूरला पोचलो की फोन करतो’. अजून पोचलेलो नाही, तरी मराठीत रूप भूतकाळाचं. म्हणून तोंडातून ‘क्वान्दो येगे’ निघतं आणि जोर शेवटच्या ‘गे’वर पडतो. त्याचा अर्थ होतो ‘मी पोचलो तेव्हा’. हवं असतं सब्जंक्टिव्ह (न घडलेल्या, इच्छेच्या किंवा शंकेच्या गोष्टींसाठीचं क्रियापदाचं रूप), ज्यात जोर ‘ये’वर असतो: ‘क्वान्दो येगे आ नागपूर, ते यामो’. अक्षरं तीच, फरक फक्त जोराचा आणि लिहिताना शेवटच्या स्वरावरच्या तिरप्या खुणेचा. प्रश्न एकच विचारा: हे घडून गेलंय का? नसेल तर ‘क्वान्दो’ (जेव्हा), ‘एन क्वान्तो’ (लगेच की), ‘आस्ता के’ (पर्यंत) यांच्यानंतर सब्जंक्टिव्ह. ‘आन्तेस दे के’ (आधी) नंतर तर घडून गेलेलं असलं तरी सब्जंक्टिव्हच. सरावाला उद्याची कामं घ्या: ऑफिसला पोचलो की, मीटिंग संपली की, पगार झाला की. अशी 10 वाक्यं मोठ्याने म्हणा, लिहू नका. कारण चूक जोराची आहे.

दुसरा सापळा ‘पैसे असते तर गेलो असतो’. मराठीत दोन्हीकडे ‘असते–असतो’, म्हणून ‘सि तेन्द्रीआ दिनेरो, इरीआ’ म्हणावंसं वाटतं. ‘सि’च्या (‘जर’च्या) बाजूला ‘–रीआ’ कधीच नाही: ‘सि तुब्येरा दिनेरो, इरीआ’. शिवाय मराठीचं ते एकच वाक्य आजच्या आणि मागच्या अशा दोन्ही परिस्थितींना चालतं. स्पॅनिशमध्ये मागच्यासाठी वेगळं लागतं: ‘सि उब्येरा तेनीदो दिनेरो, आब्रीआ ईदो’.

‘तो म्हणाला की मी उद्या येईन’ यात आपण बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. स्पॅनिशमध्ये माणूसही बदलतो, काळही, ‘उद्या’सुद्धा: ‘दीखो के बेन्द्रीआ आल दीआ सिग्येन्ते’.

आणि खास आपली चूक. ‘काय करून राहिला बे?’ हे ‘एस्तार’ (असणे) आणि ‘–न्दो’ (चालू क्रियेचं रूप) यांची आठवण करून देतं, इथवर ठीक. पण ‘उद्या पुण्याला जाऊन राहिलो’ हे ‘एस्तोय येन्दो मान्याना’ होत नाही. इंग्रजीही इथे हीच चूक शिकवते. उद्यासाठी साधं ‘बोय मान्याना’ पुरतं. ‘दोन वर्षांपासून शिकून राहिलो’ला ‘येबो दोस आन्योस एस्तुद्यान्दो’ म्हणा. ‘देस्दे दोस आन्योस’ चूक, ‘देस्दे आसे दोस आन्योस’ बरोबर.

बोलताना

‘ट’ आणि ‘ड’ सोडा, ‘त’ आणि ‘द’ धरा. इंग्रजी शाळेची ही सवय मराठी माणसाने मोडायला वेळ लागू नये.

देले (स्पॅनिशची अधिकृत प्रमाणपत्र परीक्षा) बी-टूच्या तोंडी परीक्षेत तयारीला 20 मिनिटं मिळतात, पुढची साधारण 20 बोलायला. तयारीच्या कागदावर पूर्ण वाक्यं लिहिणं हीच तिथली मोठी चूक: वाचून दाखवता येत नाही आणि मधला शब्द विसरला की सगळं थांबतं. मुद्द्याला दोन-तीन शब्द पुरे. प्रस्तावांवर मत द्यायचं असल्याने ‘नो क्रेओ के’ (मला नाही वाटत की) हमखास लागतं. त्यामागे ‘बेन्गा’, ‘सेआ’, ‘फुन्स्योने’ अशी सब्जंक्टिव्ह रूपं आधीच जिभेवर बसवा. होकारार्थी ‘क्रेओ के’ला ती लागत नाहीत.

सरावाला जोडीदार शोधताना घड्याळ पाहा. नागपुरात सकाळचे 7 म्हणजे बोगोतात आदल्या रात्रीचे साडेआठ, मेक्सिको सिटीत संध्याकाळचे साडेसात. माद्रिदशी बोलायचं तर आपल्याकडे रात्री 9 बरे. तिथे उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात. माद्रिदचा जोडीदार मित्रांच्या घोळक्याला ‘तुम्ही’ या अर्थी ‘बोसोत्रोस’ म्हणेल, बोगोताचा ‘उस्तेदेस’. दोघांचं मिसळू नका, एक निवडा आणि परीक्षेपर्यंत तेच चालवा.