नागपुरातली आणखी एक कलेक्टर

नोकरी लागली तेव्हा माझ्या आजीने काटोलला गल्लीभर सांगून टाकलं, नात कलेक्टर झाली. ऑफर लेटरवर तसंच लिहिलं होतं म्हणा, 'स्पेसिमेन कलेक्टर'. सिव्हिल लाइन्सच्या कलेक्टर कचेरीशी आपला काही संबंध नाही, आपण बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत जाऊन ड्रायव्हर आणि क्रेनवाल्यांच्या लघवीचे नमुने नशेच्या तपासणीसाठी घेतो, हे तिच्या गळी उतरवायला दोन दिवाळ्या गेल्या. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करणारी पोरं-पोरी हल्ली या कामाबद्दल विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहिते.

रक्त काढता येतं म्हणजे हे येईलच, असं समजून येऊ नका. इथे सुई नाही, शीर शोधणं नाही. समोरच्याने जे दिलं ते त्याचंच आहे आणि जसंच्या तसं लॅबला पोचलं, एवढं सिद्ध करता आलं पाहिजे. वैमानिक आणि एटीसीवाल्यांसाठी (विमानांची ये-जा सांभाळणारे) डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे, नियम आहेत, ते 2022 पासून लागू झाले. कारखाने आपापलं धोरण ठरवतात, ते आधी मागून वाचा. आमच्या लॅबने पद्धत उचलली ती अमेरिकेच्या वाहतूक खात्याची, तिथल्या नियमसंहितेतला 49 सीएफआर भाग 40. त्यात प्रशिक्षणानंतर सलग 5 सराव-नमुने बिनचूक घेऊन दाखवावे लागतात. त्यातले दोनच सरळ असतात. उरलेल्यांत एकाला लघवी कमी होते, एकाचं तापमान बसत नाही, एक सहीच करत नाही. प्रत्यक्षात हे तिघंही भेटतात, कधी कधी एकाच सकाळी.

तापमानाचं नीट समजून घ्या. नमुना हातात आल्यापासून 4 मिनिटांच्या आत कपावरची तापमान दाखवणारी पट्टी बघायची, 32 ते 38 अंश सेल्सिअस हवं. हे लिहिणाऱ्यांनी नागपूरचा मे महिना बघितलेला नाही. पारा 45 ला टेकला की पत्र्याच्या शेडवरच्या टाकीचं पाणी नळातून चटका देत येतं आणि जरा निवलं की नेमकं त्याच अंशांत बसतं. थंड पाणी मिसळलं तर पट्टी चुगली करते, आपल्याकडे उन्हाळ्यात ती मिसळणाऱ्यालाच सामील होते. म्हणून नळ बंद करून वर टेप लावायची, भांड्यात आणि फ्लशच्या टाकीत निळा रंग टाकायचा, साबण-फिनाइल बाहेर काढायचं. प्रत्येक माणसाआधी पुन्हा आत जाऊन बघायचं, दहाव्या माणसाआधीसुद्धा. डिसेंबरच्या पहिल्या पाळीला उलटा ताप. तुम्ही पेन शोधत बसलात तर कप हातातच गार होतो. आणि तापमान बसलं नाही तर दुसरा नमुना लगेच, कुणाच्या तरी नजरेसमोर द्यावा लागतो. आळस तुमचा, अब्रू त्याची.

नजरेसमोर म्हणजे पुरुषाचा पुरुषाने, बाईचा बाईनेच बघायचा. एरवी मी बाई असून पुरुषांचे नमुने घेते, कारण दार बंद असतं आणि मी बाहेर असते. तरी एक पुरुष सहकारी सोबत ठेवतेच.

उन्हाळ्यातली दुसरी अडचण, पाणी न पिता गाडी हाकत आलेले ड्रायव्हर. लागतात 45 मिलिलिटर, होतात 20. ते फेकायचे, दुसऱ्या खेपेच्या नमुन्यात मिसळायचे नाहीत. मग 3 तास थांबायचं, त्या वेळात सव्वा लिटरच्या आतच पाणी द्यायचं. तो गयावया करतो, "ताई, गाडी लोड होऊन उभी हाय, तेवढ्यात भागव ना." भागवायचं नाही. त्याला खुर्ची द्या, पंखा त्याच्याकडे वळवा.

आता माझी चूक. पहिल्याच महिन्यात हिंगण्याच्या एका कारखान्यात बाहेर रांग लागली होती. वेळ वाचावा म्हणून मी सहा जणांची आद्याक्षरं सीलवर आधीच घेऊन ठेवली, सील अजून फॉर्मलाच चिकटलेली. सीनियर सरांनी ते बघितलं आणि हळूच विचारलं, "याने कागदावर सही केली. बाटली याचीच आहे, हे उद्या कोण सांगेल?" सहाही किट बाद झाले. क्रम असा आहे: त्याच्या डोळ्यांदेखत ए बाटलीत 30, बी बाटलीत 15 मिलिलिटर ओतायचं, झाकण लावायचं, सील चिकटवायचं, तारीख आपण घालायची, मग बाटलीवरच्या सीलवर त्याची आद्याक्षरं. तोवर कप त्याच्या आणि माझ्या दोघांच्याही नजरेआड होता कामा नये. फोन वाजला तरी वाजू द्या. शेवटी फॉर्मवर स्वतःचं नाव आणि सही. दोन्ही राहिलं तर लॅब नमुना तपासायलाच नकार देते.

नागपुरात एक प्रश्न हमखास येतो. "काल सावजी खाल्लं ताई, त्यात खसखस असते. निघेल काय?" प्रश्न वेडगळ नाही. खसखशीमुळे लघवीत मॉर्फिन, म्हणजे अफूतलं नशेचं द्रव्य, दिसू शकतं, म्हणून तर अमेरिकेत 1998 साली त्याची मर्यादा मिलिलिटरमागे 300 वरून 2000 नॅनोग्रॅमवर नेली. पण उत्तर देणं आपलं काम नाही. कोणत्या गोळ्या चालू आहेत, हेही विचारायचं नाही. निकाल संशयास्पद आला तर लॅबचे निकाल तपासणारे डॉक्टर त्याला फोन करून विचारतात. हवं असेल तर त्याने फॉर्मच्या स्वतःच्या प्रतीमागे औषधं लिहून ठेवावीत, एवढंच मी सांगते. भांगेवर, होळीवर विनोद करतात, तिथे हसायचंसुद्धा नाही. तुम्ही हसलात की त्याला वाटतं, हिला कळलं.

गुप्ततेचा धडा मला लग्नाच्या पंगतीत मिळाला. आमच्याच मोहल्ल्यातल्या काकू वाढता वाढता माझ्यापाशी थांबल्या. "आमचा पोट्टा तुझ्याकडे आला होता ना त्या दिवशी? काय निघालं वं?" निकाल मला कळत नाही, तो डॉक्टरांकडून थेट कंपनीला जातो. पण "मला माहीत नाही" म्हटलं असतं, तरी तो आला होता हे कबूल झालं असतं. मी ताट पुढे केलं आणि म्हटलं, "काकू, वडाभातावर थोडं तेल टाका ना."